दाजी, पेढे कधी?

लग्नाला चार वर्षं झाली. दोघांचं सगळं छान चाललेलं. बेडरूममध्येही तक्रार नाही. मग 'गुड न्यूज' कुठे अडली? सातारा ते सांगली व्हाया मिरज... एका न बोलल्या जाणाऱ्या दुखण्याचा हा प्रवास!

"हे छापणार असशील तर नाव टाकायचं नाही. आणि फोटो तर अजिबात नाही."

दाजींनी पहिल्या घासालाच अट घातली. रविवारची सकाळ, साताऱ्यात पोवई नाक्याजवळचं हॉटेल, समोर तर्रीवाली मिसळ आणि टेबलाच्या पलीकडे माझ्या हॉस्टेलमधल्या रूमीचा नवरा. मी कराडची. आमच्याकडे मैत्रिणीचा नवरा म्हणजे हक्काचा दाजी. त्यामुळे या लेखात त्यांचं नाव दाजीच. आणि माझी रूमी? ती पक्की सांगलीकरीण, म्हणून तिचं नाव सांगलीकरीण. दोघं पुण्यात नोकरीला. हा हिंजवडीत आयटीत, ती एका बँकेत. वीकएंडला साताऱ्याचं घर, नाहीतर सांगलीचं माहेर.

खरं सांगायचं तर मलाही थोडं ऑकवर्ड झालं होतं. मास कॉमला आम्हाला इंटरव्ह्यू कसा घ्यायचा ते शिकवलं, पण मैत्रिणीच्या नवऱ्याला 'त्या' विषयावर प्रश्न कसे विचारायचे, याचं लेक्चर काही झालं नव्हतं! दाजी बोलत होते, तेही मिसळीकडे बघून. मी लिहीत होते, तेही वहीकडे बघून. मध्येच वेटर आला की दोघंही एकदम हवापाण्यावर यायचो.

पण दाजी बोलले. आणि जे बोलले, ते ऐकल्यावर मला वाटलं की हे आपल्या वाचकांपर्यंत जायलाच पाहिजे. कारण लॅपटॉपची बॅग पाठीला लावून रोज ऑफिस गाठणाऱ्या तुमच्यापैकी एखाद्याच्या बाबतीत हेच चालू असेल, आणि त्याला त्याचं नावसुद्धा माहीत नसेल.

आधी तिच्या सगळ्या टेस्ट!

दोघांनी ठरवलं, आता बाळ हवं. सहा महिने गेले, वर्ष गेलं, काहीच नाही. मग सुरू झाली आपल्याकडची नेहमीची मिरवणूक. सांगलीकरणीची सोनोग्राफी, थायरॉइड, हार्मोन्स, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायची दुखरी टेस्ट. सासूबाईंनी सांगितलं म्हणून गुरुवार धरले, आईने सांगितलं म्हणून औदुंबरला जाऊन आली. बारशाला, डोहाळजेवणाला जाणं तिने हळूहळू बंदच केलं. ओटी भरताना बायका जे पुटपुटतात, ते तिला ऐकवेना.

आणि दाजी? दाजींची एकही टेस्ट नाही. "त्याला काय धाड भरलीय?" असं सासूबाईंचं म्हणणं. धडधाकट, सडसडीत, सुट्टीच्या दिवशी अजिंक्यतारा चढून येणारा मुलगा! शंका घ्यायला जागाच नव्हती.

"आणि खरं सांगू का," दाजी पावाचा तुकडा मोडत म्हणाले, "मला माहीत होतं. म्हणजे काय झालंय ते माहीत नव्हतं, पण काहीतरी वेगळं आहे हे माहीत होतं. दीड-दोन वर्षं."

वेगळं म्हणजे काय? तर संबंधांच्या वेळी सगळं व्यवस्थित. इच्छा होती, ताठरता होती, शेवटचा तो क्षणही यायचा. फक्त त्या क्षणी बाहेर काही यायचंच नाही. आलं तर एखादा थेंब. आधी कमी कमी होत गेलं, मग जवळपास कोरडंच. आणि नंतर बाथरूमला गेल्यावर लघवी गढूळ दिसायची, पांढरट.

"बायकोला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? मला वाटलं, संपलं असेल आतलं. कॉलेजच्या वयात जे काही केलं त्याची ही शिक्षा. असलंच काहीतरी डोक्यात."

एमबीए झालेला माणूस हे बोलत होता, बरं का!

मामला नाक्यावरच्या ट्रॅफिकचा

या प्रकाराला डॉक्टर 'रेट्रोग्रेड इजॅक्युलेशन' म्हणतात. मराठीत म्हणायचं तर उलट दिशेचं वीर्यस्खलन. नाव भारदस्त आहे, पण फंडा सोपा आहे. समजून घ्यायला पोवई नाकाच घ्या. साताऱ्याला आलेल्यांनी तिथला ग्रेड सेपरेटर बघितला असेल. एकाच नाक्यावरून कुणाला कुठे पाठवायचं, याची सोय. पुरुषाच्या शरीरातही असाच एक नाका आहे.

लघवी आणि वीर्य, दोघांचा बाहेर पडायचा रस्ता एकच, मूत्रमार्ग. वर मूत्राशय, त्याच्या खाली प्रोस्टेट ग्रंथी आणि तिच्यातून जाणारा हा रस्ता. परमोच्च क्षणी शुक्राणू आणि ग्रंथींमधला द्राव प्रोस्टेटच्या भागात येऊन जमा होतो. त्याच वेळी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला गोल स्नायू घट्ट आवळला जातो. म्हणजे वरचा रस्ता बंद. मग खालचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि वीर्य समोरच्या दिशेने बाहेर फेकलं जातं.

आता समजा, वरचं हे बॅरिकेड पडलंच नाही तर? पातळ पदार्थ सोपा रस्ता धरणार. बाहेर जाण्याऐवजी वीर्य मागे वळून थेट मूत्राशयात. पुढच्या लघवीतून ते निघून जातं. दाजींना दिसणारा पांढरट गढूळपणा तो हाच.

म्हणजे 'आतलं संपलं' वगैरे काही नसतं. माल तयार होतोय, गाडीही सुटतेय, फक्त ती चुकीच्या स्टँडला जातेय!

आणखी एक गोष्ट. ताठरता आणणाऱ्या नसांची यंत्रणा वेगळी आणि हे बॅरिकेड पाडणाऱ्या नसांची वेगळी. म्हणून एक बिघडली तरी दुसरी चालू राहू शकते. याला नपुंसकत्व म्हणत नाहीत. बऱ्याच जणांना आनंदही तसाच मिळतो, काहींना तो थोडा फिका वाटतो. लघवीत गेलेलं वीर्य शरीराला काही अपायही करत नाही. त्यामुळे मूल नको असेल आणि कारण माहीत असेल, तर अनेकांना उपचारांची गरजही पडत नाही.

मूल हवं असेल तर मात्र प्रश्न येतो. शुक्राणू जिथे पोचायला हवेत तिथे पोचतच नाहीत. मूल न होणाऱ्या पुरुषांमध्ये हे कारण फार थोड्यांत सापडतं, शंभरात एक-दोन किंवा त्याहूनही कमी. पण ज्याच्या घरात ते असतं, त्याच्यासाठी ते शंभर टक्के असतं.

हे कुणाला होतं?

यादी वाचा. वाटतं तितकी ती म्हाताऱ्यांची नाही.

• डायबेटिस: अनेक वर्षं साखर बेताल राहिली तर नसा खराब होतात. पायाला मुंग्या येतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण पोट, हृदय, मूत्राशय आपोआप चालवणाऱ्या नसाही त्यात असतात, आणि हे बॅरिकेडही त्यांच्याच ताब्यात.

• काही गोळ्या: टॅमसुलोसिन, सिलोडोसिन ही नावं ओळखीची वाटली? प्रोस्टेटसाठी देतात. पण टॅमसुलोसिन मुतखडा सुटावा म्हणून तरुणांनाही देतात. या गोळ्या नेमक्या त्याच स्नायूला सैल करतात. त्या चालू असताना वीर्य कमी झालं किंवा आलंच नाही, तर घाबरून जाऊ नका. गोळी थांबली की बहुतेकांचं पूर्ववत होतं. मानसिक आजारांवरची काही औषधंही असा घोळ घालतात. पण म्हणून कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची.

• ऑपरेशन: वडिलांचं प्रोस्टेटचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं असेल, तर त्यांच्या बाबतीत हे होण्याची शक्यता बरीच असते. त्या वयात मुलं नको असतात, पण आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस आतून हादरतो. तरुणांमध्ये वृषणाच्या कॅन्सरसाठी पोटाच्या मागच्या भागातल्या गाठी काढतात, तेव्हा नसांना धक्का लागू शकतो. असं ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल नक्की विचारा.

• मणक्याची इजा: बाइकचा अपघात, उंचावरून पडणं. मज्जारज्जूला मार बसला तर मेंदू आणि या स्नायूंमधला निरोपच तुटतो.

दाजी यात कुठे बसतात? पहिल्याच ओळीत.

बारीक आहे, म्हणजे फिट आहे?

दाजींना डायबेटिस चोविसाव्या वर्षी निघाला, नोकरीच्या मेडिकलमध्ये. त्यांनी तो चक्क फाइलमध्ये घालून ठेवला. "वजन ६२ किलो. मला कशाला शुगर? लॅबचीच काहीतरी गडबड." मग गोळ्या आठवल्या तेव्हा, तपासणी जमली तर. रात्रीच्या शिफ्ट, कँटीनचा वडापाव, दिवसाला सात-आठ चहा, तोही साखरेचा. नऊ वर्षं अशीच गेली.

आता हे ऐका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डायबेटिसचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक जोड-फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघंही दिसायला सडपातळ. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तर युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के! वरून बारीक, आतून चरबी. आपल्याकडच्या कितीतरी माणसांची ठेवण अशीच आहे. त्यामुळे वजनकाट्यावर पास झालो म्हणजे साखरेच्या परीक्षेत पास झालो, असं नसतं.

देशाचा आकडाही बघून ठेवा. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या अंदाजानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे आणि साधारण १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यातल्या प्रत्येकाला दाजींसारखा त्रास होईल असं मुळीच नाही. पण 'शुगर म्हणजे फक्त गोड बंद' असं समजणाऱ्या आपल्या पिढीसाठी ही घंटा आहे.

म्हणूनच या दुखण्यात 'अपाय नाही' असं म्हणून सोडून देता येत नाही. वीर्य मागे वळणं हे स्वतः घातक नसेल, पण आतल्या नसा कुरकुरताहेत याचा तो निरोप असू शकतो. उभं राहिल्यावर चक्कर, थोडं खाल्लं तरी पोट गच्च, बसल्या जागी छातीत जोरात ठोके, लघवी पूर्ण न झाल्यासारखं वाटणं... हीसुद्धा त्याच कुटुंबातली भावंडं. दाजींना यातली दोन होती. ती त्यांनी ॲसिडिटी आणि स्ट्रेसच्या खात्यावर टाकली होती.

स्टँडच्या भिंतीवरचा 'डॉक्टर'

डॉक्टरकडे जाण्याआधी दाजी दुसरीकडे जाऊन आले होते. कुठे, ते तुम्ही ओळखलं असेलच. एसटीतून जाताना कंपाउंडच्या भिंतींवर दिसणाऱ्या त्या जाहिराती! 'गुप्तरोग', 'धातुक्षय', 'खात्रीशीर इलाज'. दाजींनी असाच एक नंबर उतरवून घेतला, आणि एका आडगल्लीतल्या खोलीत त्यांना सांगण्यात आलं की हे तर भाग्याचं लक्षण! तुमचं वीर्य वर चढतंय, ओज बनतंय, तुम्ही ऊर्ध्वरेते झालात. मूल हवं असेल तर मात्र ही भस्मं घ्या, तीन महिन्यांचा कोर्स. रोख.

हसू नका. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हे आपल्यातल्या प्रत्येक मुलाने हॉस्टेलच्या गच्चीवर कधी ना कधी ऐकलेलं असतं. मुळात वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के. बाकीचा जवळजवळ सगळा द्राव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा. तो बनतो, वापरला जातो, पुन्हा बनतो. आणि ते 'वर चढतं' म्हणावं तर चढून कुठे जातं? मूत्राशयापर्यंत! अर्ध्या तासाने टॉयलेटमध्ये.

वीर्य गेलं म्हणजे शक्ती गेली, या धास्तीने आपल्या देशात माणसं इतकी आजारी पडतात की डॉ. एन. एन. विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये त्याला 'धात सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलं. या धास्तीवरच भिंती रंगतात. खरं तर लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या आणि डायबेटिस बरा करण्याच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा सत्तरीचा झाला. भिंती अजून रंगताहेत.

दाजींचे तीन महिने, बरेचसे पैसे आणि साखरेवरचा उरलासुरला ताबा, असं तिन्ही गेलं. कारण कोर्स चालू असताना 'इंग्लिश गोळ्या' बंद ठेवायला सांगितल्या होत्या.

राजवाड्याजवळची शाळा आणि एक खटला

मिसळ संपल्यावर आम्ही चालत राजवाड्याकडे गेलो. तिथे प्रतापसिंह हायस्कूल आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला याच शाळेत छोट्या भीमरावाचं नाव घातलं गेलं. म्हणून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. हे सगळ्या सातारकरांना पाठ आहे. पण याच विद्यार्थ्याचा आपल्या आजच्या विषयाशी संबंध आहे, हे दाजींना माहीत नव्हतं. मी सांगितलं.

र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक सुरू केलं. धोंडो केशव कर्व्यांचे हे चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक. मासिकात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ, शास्त्रीय उत्तरं द्यायचे. १९३४ मध्ये अशाच काही उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. प्रश्न हस्तमैथुनाबद्दलचे आणि समलैंगिकतेबद्दलचे होते. त्यांची बाजू मांडायला कोर्टात कोण उभं राहिलं? बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर! लोक प्रश्न विचारतात, तर त्यांना उत्तर मिळायलाच हवं, ही त्यांची भूमिका. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र ते १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवत राहिले. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' बघितला असेल तर हा माणूस तुमच्या ओळखीचा असेल.

दाजी शाळेच्या फाटकाकडे बघत म्हणाले, "म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी लोक पत्र लिहून विचारत होते. आणि मी गुगल हिस्ट्री डिलीट करत बसलो होतो."

मिरजेचा रस्ता

शेवटी कोंडी फोडली सांगलीकरणीने. तिसऱ्यांदा तिची टेस्ट सुचवली गेली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आता त्याची करा." दाजी पुण्यातल्या एका लॅबमध्ये गेले. बंद खोलीत हातात डबी. बाहेर आले तर डबी जवळपास रिकामी. काउंटरवरचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "जमलं नाही का? उद्या परत या." दाजी परत गेलेच नाहीत.

पण त्या रात्री त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. गढूळ लघवीपासून भस्मापर्यंत सगळं. सांगलीकरीण मला नंतर फोनवर म्हणाली, "अगं, मी चिडले. खूप चिडले. दोन वर्षं मी स्वतःला दोष देत होते आणि याला माहीत होतं. मग रडले. मग झोपले. सकाळी उठून मिरजेची अपॉइंटमेंट घेतली."

सांगलीचा माणूस मोठं दुखणं आलं की मिरज गाठतो, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि मिरज हे दवाखान्यांचं गाव झालं. तंबोऱ्यांचं गाव तर ते होतंच.

तिथल्या डॉक्टरांनी निदान कसं केलं, ते सांगते, कारण ते इतकं साधं आहे की दोन वर्षं वाया गेल्याचा राग यावा. आधी पूर्ण हिस्टरी. आजार कोणते, गोळ्या कोणत्या, ऑपरेशन झालंय का. मग लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं, वीर्याचा नमुना द्यायचा प्रयत्न करायचा, जे काही थेंबभर येईल ते द्यायचं, आणि त्यानंतर लगेच लघवीचा नमुना. ती लघवी मशीनमध्ये फिरवून मायक्रोस्कोपखाली बघतात. दाजींच्या वीर्याच्या रिपोर्टमध्ये जवळपास शून्य. आणि लघवीच्या नमुन्यात? शुक्राणूच शुक्राणू! लघवीत काहीच सापडलं नसतं, तर वीर्य तयारच होत नाही का, वाट बंद आहे का, असा वेगळा शोध घ्यावा लागला असता.

"रिपोर्ट बघून मी आयुष्यात पहिल्यांदा लघवीच्या टेस्टवर खूश झालो," दाजी म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून बोलले.

मग उपाय काय?

कारण औषध असेल तर औषध बदलणं, हा सगळ्यात सोपा उपाय. ऑपरेशनमुळे स्नायूच गेला असेल तर गोळ्यांचा सहसा उपयोग होत नाही. डायबेटिसमध्ये आधी साखर ताळ्यावर आणायची. बिघडलेल्या नसा पूर्ण सुधारतीलच असं कुणी छातीठोक सांगत नाही, पण पुढची पडझड रोखता येते.

त्याबरोबर काही गोळ्या देऊन बघतात. त्या स्नायू आवळायला मदत करतात. यातलं एक औषध सर्दीच्या गोळ्यांत असतं, एक नैराश्यावरचं जुनं औषध आहे. 'मग मेडिकलमधून घेऊन बघू' हा विचार आत्ताच झटकून टाका. ब्लडप्रेशर, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं.

गोळ्यांनी भागलं नाही तर लघवीतूनच शुक्राणू मिळवतात. होय, हे शक्य आहे! अडचण एवढीच की लघवी आम्लधर्मी असते आणि शुक्राणूंना ती मानवत नाही. म्हणून आधी सोडा बायकार्ब देऊन आणि पाण्याचं प्रमाण बघून लघवीची आम्लता कमी करतात. मग नमुना घेऊन लगेच लॅबमध्ये शुक्राणू धुऊन वेगळे काढतात. चांगले आणि पुरेसे मिळाले तर ते थेट गर्भाशयात सोडतात. याला आययूआय म्हणतात. कमी मिळाले तर आयव्हीएफ, किंवा एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याचं इक्सी तंत्र. त्या तंत्राने पहिलं बाळ १९९२ मध्ये जन्मलं. आपल्याकडे तर त्याआधीच, ६ ऑगस्ट १९८६ ला, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमने टेस्ट ट्यूब बेबीला जन्माला घातलं होतं. म्हणजे हे काही अगदी नवं, भीतीदायक विज्ञान नाही. फक्त क्लिनिक २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी झालेलं आहे ना, ते विचारून घ्या. आणि 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा!

टिपून ठेवा

१. वीर्य अचानक खूप कमी झालं किंवा येईनासं झालं, तर युरॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्ट गाठा. जाताना चालू गोळ्यांची यादी न्या, केसांसाठी घेत असाल तीही.

२. मूल होत नसेल तर पहिल्या दिवसापासून दोघांच्याही तपासण्या. पुरुषाची पहिली टेस्ट सगळ्यात स्वस्त आणि न दुखणारी असते.

३. लघवीत रक्त, जळजळ किंवा ताप असेल तर ते प्रकरण वेगळं, थांबू नका.

४. वीर्य बाहेर येत नाही म्हणजे गर्भनिरोधक झालं, असं गृहीत धरू नका. थोडं पुढेही येऊ शकतं.

५. कंडोम न वापरण्याचं तर हे कारण होऊच शकत नाही.

६. घरात कुणाला डायबेटिस असेल तर बारीक असलात तरी साखर तपासा.

जेवणाच्या टेबलावर

दाजींची सगळ्यात अवघड टेस्ट मात्र मिरजेत झालीच नाही. ती साताऱ्यात, घरच्या जेवणाच्या टेबलावर झाली. सासूबाईंनी नवा नवस काढला होता, आणि तो अर्थातच सुनेने फेडायचा होता. दाजींनी ताटातली भाकरी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आई, तिच्यात काही नाही. माझ्या शुगरमुळे आहे. औषध चालू आहे. आता उपास करायचे असतील तर मी करतो."

"पुढे?"

"पुढे काय! आई उठून स्वयंपाकघरात गेली. दहा मिनिटं भांड्यांचा आवाज. मग बाहेर आली, आणि माझ्या ताटातला भात काढून घेतला. म्हणाली, एवढा भात नाही खायचा शुगरवाल्यानं."

सांगलीकरीण म्हणते, त्या घरात तिला मोकळा श्वास घ्यायला मिळाला तो त्या दहा मिनिटांनंतर.

गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती. पण गोळ्यांनी दाजींचं भागलं नाही. पहिलं आययूआय झालं, तेही फसलं. दुसरं पुढच्या महिन्यात आहे. सांगलीकरीण पुन्हा बारशांना जायला लागली आहे, कधी जमतं, कधी अर्ध्यातून निघून येते. दाजींची तीन महिन्यांची सरासरी साखर मात्र १० वरून ७ वर आली आहे, चहा बिनसाखरेचा झाला आहे आणि अजिंक्यताऱ्यावर आता दोघं मिळून जातात.

निघताना दाजींनी मला स्टँडवर सोडलं आणि हातात एक पुडा ठेवला. कंदी पेढे! मी चमकून बघितलं. कारण आमच्याकडे पेढे हातात आले की प्रश्न एकच असतो.

"नाही नाही, तसलं काही नाही अजून," दाजी घाईघाईने म्हणाले. "साताऱ्याला येऊन रिकाम्या हाताने कशाला जायचं? तू खा. मला चालत नाहीत."

गाडी कराडच्या रस्त्याला लागली. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी पुड्याकडे बघून हसत विचारलं, "कुणाचे गं पेढे?"

मी त्यांच्यापुढे पुडा धरला. म्हटलं, "आमच्या दाजींचे. एक मोठी परीक्षा पास झालेत. घ्या ना काकू."